आवाज गेलेला सामना

गंगाखेड,
नोव्हेंबर १९८७

प्रिय उद्धव,

तुझं कार्ड दसऱ्याआधीच मिळालं. यंदा आपला कबड्डीचा संघ उभा राहत असेल तर औरंगाबादची नोकरी सोडून येतो, असं लिहिलंस. उत्तराला उशीर केला, कारण आधी जाहिरातींसाठी पेठेतल्या दुकानांत एक फेरी मारून बघावी म्हटलं.

मैदानापासून पेठेपर्यंत भोंग्याची तार मीच ओढली होती. भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर उघडून-जोडून शिकलो. सातवीपुढं शाळा नाही, पण माझ्या आवाजात कधी खरखर ऐकलीस का? लोक हॉटेलांत बसून माझ्या तोंडून सामना ऐकायचे. तू चढाई करून परतलास की मी माणिकरावांच्या कापड दुकानाचं नाव घ्यायचो. असं नाव घेण्याचे दुकानदार पैसे देत, आणि त्यावरच तुम्हा सातजणांचा पगार, खुराक, एसटीचं भाडं निघे. तुझी आई म्हणायची, माझ्या लेकाच्या दमावर ह्यांचं कापड खपायलंय, अन् मला एक लुगडं न्हाई.

आता हॉटेलाहॉटेलांत टीव्ही आलाय. माणिकराव तोंडावर म्हणाले, बन्सीधर, तुमचा भोंगा ऐकायला कोण बसायलंय? नाव ऐकवायचं कुणाला? राग आला, पण त्यात खोटं काय होतं? जाहिराती गेल्या तसे आधी पगार थांबले, मग खुराक. लिंबाजी आणि संघातले बाकीचे साखर कारखान्यावर लागले. मी मात्र नवा माईक आणून आवाज आणखी स्वच्छ करत बसलो. ऐकणारेच उठून गेलेत, हे फार उशिरा ध्यानात आलं.

परवा पंडितच्या हॉटेलात क्रिकेट चालू असताना टीव्हीचा आवाज गेला, चित्र तेवढं राहिलं. पंडित म्हणाला, काका, तुमीच बोला की. नाही म्हणणार होतो, पण हॉटेल गच्च भरलं होतं रे. बोललो. चेंडू, फटका, धाव, सगळं बिनचूक. मग एक फलंदाज धावत येऊन रेषेवर झेपावला आणि माझ्या तोंडून गेलं, उद्धवनं रेषा गाठली. पोरं हसली. पंडित हसला नाही, कपबशा पुसत राहिला.

तिथंच ठरवलं, तुला आता लिहायचंच. संघ उभा राहत नाही, बाळा. येऊ नकोस, नोकरी सांभाळ. माईकवर खेळाडूचं नाव मी कधी चुकीचं राहू दिलं नव्हतं. जीभ घसरलीच तर तिथल्या तिथं दुरुस्त करायचो. परवा केलं नाही.

तुझाच,
बन्सीधरकाका