दफनभूमीची वाट रंजीताच्या नावे

मी, कमला लच्छू दुर्गे, वय सत्तरीपार, राहणार चर्चटोली, तालुका नागभीड, परमेश्वराला स्मरून, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू पाहणाऱ्याला, म्हणजे दिराचा मुलगा सुरज याला, आज मुद्दाम कळवलेले नाही.

१. आमचे चर्च रेल्वेचे रूळ पडत होते तेव्हा गोऱ्या इंजिनियरांनी बांधले. चुना लच्छूच्या आजाने मळला. साहेबांच्या कबरी पुढे, आपल्या माणसांच्या मागे, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीला. साहेब गेले. पाद्री महिन्यातून एकदा येऊ लागला. राखण माझ्या नवऱ्याकडे, लच्छूकडे राहिली. आता तोही तिथेच आहे.

२. घर व परसाची जागा माझ्या नावे आहे. दफनभूमीत जायची वाट याच परसातून जाते. पलीकडे बोडीचे पाणी. हे समजल्यापासून सुरजची माया वाढली. सीताफळे आणतो, पाय चेपतो आणि म्हणतो, "काकू, इथी अंगठा मार, घरकुलाचा कागद हाये." मला सही येते हे तो विसरतो. वाट बंद झाली की कबरींकडे कोण फिरकणार, आणि मग ती जमीन कोण गिळणार, हे मला कळते.

३. चर्चच्या पंचांवरही माझा भरवसा नाही. साहेबाच्या तान्ह्या लेकीच्या कबरीवरचा दगड नाहीसा झाला, तेव्हा ते म्हणाले, "गाईनं पाडला असन." गाय दगड पाडते, घेऊन जात नाही.

४. सुरजची बायको रंजीता रोज भाजी घेऊन येई. तिला हेरायला पाठवले असे धरून मी पेटीची किल्ली कमरेला बांधून होते. एका दुपारी तिने शेजारच्या झाडूभाऊंच्या बैलबंडीतून तोच दगड परत आणला. तिच्या घरी मोरीत पालथा घातलेला होता.

"काऊन आणला?" मी विचारले.

"हालत होता म्हून उलटवून पाह्यला. लेकराचं नाव हाये त्याच्यावर, काकू. माह्या पोरीचे कपडे धूत होतो मी त्याच्यावर."

"सुरजले माईत हाये?"

"त्याच्या समोरूनच आणला."

त्याच दिवशी सुरजने तिला घराबाहेर काढले. तेव्हापासून ती आणि तिची पोर माझ्याकडे राहतात.

५. म्हणून घर, परस आणि घरातले सर्व काही रंजीताला. अट एकच: वाट विकू नये, अडवू नये. हे ऐकून ती म्हणाली, "अजून बी भरवसा नाई का काकू?" नाही. लच्छूवर ठेवायलाही मला बरीच वर्षे लागली होती. फक्त लच्छूची कुदळ व फावडे झाडूभाऊंना. सुरजला काही नाही.

६. मला लच्छूच्या शेजारी पुरावे. सुरज मूठभर माती द्यायला आला तर देऊ द्यावी, तो घरचाच आहे. फक्त खड्डा बुजेपर्यंत रंजीताने तिथून हलू नये.

मजकूर मी स्वतः वाचला, बरोबर आहे. साक्षीदारांना यातले काही मिळत नाही, म्हणूनच त्यांना निवडले. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही : कमला लच्छू दुर्गे

साक्षीदार :
१. दीपाली गोंगले, शिक्षिका
२. गोपाल निकुरे, किराणा दुकानदार

ठिकाण : चर्चटोली
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४