खोकला नसलेल्या बहिणीस कफाचे औषध मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : स्त्री कक्ष, खाट क्र. ११ वरील रुग्णास आज दुपारी तीनच्या आत उतारा मिळणेबाबत.
संदर्भ : औषध भांडाराच्या खिडकीवरील तोंडी नकार, आजचेच, एकूण तीन.

महोदय,

१. मी पुस्तकबांधणी कामगार असून वरील रुग्ण माझी थोरली बहीण आहे. तिची दाढ चार दिवस ठणकत होती. घरी गोळ्यांची एक पट्टी होती. काल दुसऱ्या नावाची आणखी एक मीच आणून दिली. आज सकाळी सातला कळ असह्य झाल्याने ताईने दोन्ही पट्ट्या एकदम संपवल्या. दोन्हींत पॅरासिटामॉलच होते, हे येथे आल्यावर कळले.

२. कक्षातील डॉक्टरबाईंनी सांगितले की, याने यकृत निकामी होऊ शकते; त्यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे व तो आठ तासांच्या आत सुरू झालेला बरा. त्यांनी लगेच चिठ्ठी दिली.

३. परंतु हेच औषध छातीतला कफही पातळ करते. भांडाराच्या नोंदवहीत ते फक्त कफाच्या पानावर आहे. त्यामुळे छाती विभागाचा शिक्का लागेल, असे भांडारपालांचे म्हणणे. डॉक्टरबाईंनी दोनदा फोन केला. फोनवर शिक्का उमटत नाही, असे उत्तर मिळाले.

४. छाती विभागाने ताईस तपासून 'छाती स्वच्छ, कफ नाही' असा शेरा दिला व शिक्का नाकारला. छाती स्वच्छ निघाली, हाच आमचा गुन्हा झाला.

५. मला कागदाच्या धुळीचा जुना खोकला आहे. औषध माझ्या नावे द्यावे, अशी विनंती केली. लाज सोडून खिडकीत खोकूनही दाखवले. त्यावर मला केसपेपर काढून रांगेत उभे राहण्यास सांगण्यात आले. माझा नंबर एकशे बारावा आहे.

६. साहेब, हा अर्ज भिंतीला टेकवून लिहितो आहे. अक्षर वाकडे आले, त्याची क्षमा असावी. नियम आपण सांगाल ते नंतर पाळीन, हवी तिथे सही करीन. आपली एक सही आत्ता द्यावी.

७. ताईला अद्याप काहीच होत नाही. सुरुवातीला असेच असते, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. ती खाटेवर वेणी घालून तयार बसली आहे व घरी कधी जायचे, म्हणून समोरच्या कक्षाच्या उघड्या दारातून मला खुणावते आहे. मी तिला सुट्टीचा अर्ज लिहितो आहे, असे सांगितले आहे.

आपल्या दाराबाहेर उभा,
खाट क्र. ११ चा धाकटा भाऊ
(सही)
आजची तारीख, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे