पांढरीतल्या दोन हिरव्या बांगड्या

प्रिय माय,

काल केदारखेड्याच्या गढीजवळ तुझा हंडा निघाला. अख्ख्या गावासमोर निघाला. तुला जाऊन दोन वर्षं झाली, तरी ही बातमी तुला मीच सांगायची म्हणून बदनापूरला परतले आणि लिहायला बसले. मास्तराला पोरगी दिलीस, त्यानं तिला लिहावाचायला शिकवलं, त्याचा एवढा तरी उपयोग!

तो वैशाख आठवतो? पावसाआधी घराच्या मातीच्या छतावर, धाब्यावर टाकायला सारं गाव जहागीरदाराच्या गढीमागची पांढरी माती आणायचं. तूही गेलीस आणि कुदळ मडक्याला लागली. आत लाल दगडाचे मणी. भोक पडलेले सात मणी तू सर्जा बैलाच्या गळ्यासाठी आणलेस, दृष्ट लागू नये म्हणून. बाकीच्यांना भोकं अर्धवटच होती.

"कुनाचं तरी काम अर्धं राह्यलंय गं," तू म्हणालीस. "जिथल्या तिथं ठिवून आले."

हे तू विहिरीवरही सांगितलंस. कशाला सांगायचं, माय? दुसऱ्याच दिवशी गढीचा कारभारी दारात उभा. "चला, जागा दावते," तू म्हणालीस, तर तो हसला. "सापडलेला हंडा कुनी परत पुरतं व्हय?" त्यानं चूल उकरली, कणगी उपसली. सर्जाच्या गळ्याकडे मात्र कुणी पाहिलंच नाही. तसले मणी निम्म्या गावाच्या बैलांना होते.

त्याच संध्याकाळी तू ती उकरलेली जमीन त्याच पांढऱ्या मातीनं लिंपलीस. पण 'हंड्यावर बसलेली गिरजा' हे नाव शेवटपर्यंत तुला चिकटलं.

आणि मी? लग्नानंतर एकदा मीही विचारलं, "खरं सांग, सोनं व्हतं का?" तू ताटात भाकरी वाढलीस आणि गोठ्यात निघून गेलीस. ती भाकरी मी अजून विसरले नाही.

परवा जुनी गढी बघायला हैदराबादचे, पुराणवस्तू खात्याचे एक साहेब आले. त्यांना दादाच्या बैलाच्या गळ्यात ते सात मणी दिसले. "ये मनके कहाँ से आये?" दादानं मला बोलावून घेतलं. तू सांगितलेली जागा मीच दाखवली, कडुलिंबाच्या मुळाशी. हातभर खणल्यावर मडकं लागलं. तोंडावर चपटा दगड, तू म्हणायचीस तसाच.

साहेब म्हणाले, गढी तर कालची. तिच्याही हजारभर वर्षं आधी इथं मणी घडवणारे राहत होते. सात पिढ्यांचा तोरा मिरवणाऱ्या कारभाऱ्याचं तोंड बघायला तू हवी होतीस!

मग साहेबांनी मडक्यातून दोन हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या आणि गोंधळले. या तर आजकालच्या! मी काही बोलायच्या आत शेजारची म्हातारी सखूमावशी रडायला लागली. "गिरजीच्या हायेत. त्या दिशी तिच्या हातात दोन कमी दिसल्या व्हत्या. मणी घेतलं, मग काही ठिवल्याबिगर कशी परतंल ती? मडक्याची वटी भरली तिनं."

एवढं तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. मलाही नाही.

कारभारी म्हणाला, हंडा कुणाला सापडला त्या कागदावर जहागीरदाराचं नाव घाला. मी म्हणाले, "बिलकुल न्हाई. गिरजाबाई लिवा." साहेबांनी लिहिलं. मी ते अक्षर न् अक्षर वाचून घेतलं.

मणी हैदराबादला जातील. बांगड्या मी मागून घेतल्या, आता माझ्या हातात आहेत. या वैशाखात आपल्या धाब्यावर माती टाकायला मीच येईन. पांढरीत कुणाचं अर्धं राहिलेलं काम लागलं, तर जिथल्या तिथं ठेवीन. आणि तुझ्यासारखंच काही ठेवल्याशिवाय परतणार नाही.

हंडेवाल्या गिरजाबाईची लेक,
सोना