आमच्या गल्लीचे समाधानाचे गुण कमी करून मिळणेबाबत

प्रति,
मा. निर्देशांक अधिकारी,
सामाजिक न्याय, पर्यावरणीय समता व जनसमाधान मोजणी कार्यालय,
दुसरा मजला, बंद लिफ्टशेजारी.

विषय: दहापैकी दहा गुण परत घेऊन फिरता दवाखाना परत देणेबाबत.
संदर्भ: आपल्या खिडकी क्रमांक चारवर अर्जदाराने घातलेले सहा हेलपाटे.

महोदय,

अर्जदार कुलूप-किल्लीवाला असून गल्लीत 'उचापती' या नावाने ओळखला जातो. आपली मोजणी येणार असं कळलं तेव्हा अर्जदाराने समोरच्या सलूनवाल्याशी पैज लावली, की सरकारी फॉर्म कुणी वाचत नाही, काहीही ठोकून द्या. सलूनवाला म्हणाला, "वाचतात रे बाबा, आणि नको तेव्हाच वाचतात." हरेल त्याने चौकात अर्धी मिशी उतरवायची, असं ठरलं.

मोजणीवाल्या ताई आल्या. त्यांनी विचारलं, "तुमच्याशी कुठे भेदभाव होतो का?" अर्जदार म्हणाला, "छे! कचेरीतून सगळ्यांना सारखंच हाकलतात." ताईंनी दहा लिहिले. "मागच्या रंगाच्या कारखान्याचा धूर काहींनाच जास्त सोसावा लागतो का?" "अजिबात नाही. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत समसमान वाटप." पुन्हा दहा. "एकंदरीत सुखी आहात?" "ताई, सुख इतकं झालंय की गटारातून वाहतंय." तिथेही दहा. सलूनवाला दारात कपाळाला हात लावून उभा होता. अर्जदाराला मात्र स्वतःच्या जिभेचं फार कौतुक वाटत होतं.

एकशे ऐंशी घरांमागे एकच घर नमुना म्हणून धरतात, हे अर्जदाराला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीचा नमुना अर्जदार निघाला. (याबाबत गल्लीचं म्हणणं असं, की सरकारने आयुष्यात एकदाच अचूक निवड केली.)

दोन महिन्यांनी आमची गल्ली देशातल्या सर्वांत समाधानी वस्त्यांत जाहीर झाली, आणि त्याच आठवड्यात फिरता दवाखाना पुलापलीकडच्या कमी गुणांच्या वस्तीला गेला. त्या गाडीत अर्जदाराच्या आईला आठवड्यातून दोनदा वाफ मिळायची. वय चौऱ्याहत्तर, छातीत कारखान्याची चिमणीच बसल्यासारखी. आता तिला दोन बस बदलून न्यावं लागतं. दुसऱ्या बसच्या पायरीवर ती म्हणते, "राहू दे रे, परत जाऊ." आणि परत जायलाही दोनच बस लागतात.

खिडकी चारवरचे भाऊसाहेब सज्जन आहेत. ते म्हणाले, "गुणांची तक्रार घेतो, पण चारपेक्षा कमी गुण असतील तरच. दहावाल्याची तक्रार मशीन घेत नाही." अर्जदाराने विचारलं, मग गुण चारच्या खाली कसे आणायचे? ते म्हणाले, "तक्रार करून." पुढची मोजणी पाच वर्षांनी आहे. अर्जदाराने जन्मभर लोकांची अडकलेली दारं उघडली, पण या दाराला किल्लीचं भोकच नाही.

सहाव्या हेलपाट्याला भाऊसाहेबांनी दया येऊन फेरतपासणीचा साहेब पाठवतो म्हणून सांगितलं, तारीख मात्र सांगितली नाही. तो नेमका काल आला. काल गल्लीने अर्जदाराला पैजेचा हिशोब चुकता करायला चौकात खुर्चीवर बसवलं होतं. साबण फासलेला, सलूनवाला वस्तरा परजतोय, पोरंटोरं पत्र्याचे डबे बडवताहेत, भाजीवाल्या मावशी ओरडताहेत, "डावी नको, उजवी काढ, ती जास्त खोटं बोलते!" अख्खी गल्ली पोट धरून हसत होती. उंबऱ्यात बसलेली आईसुद्धा हसली. किती महिन्यांनी हसली!

साहेबांनी स्कूटरवरूनच फोटो काढला, वहीत 'एकोपा उत्तम, रहिवासी मनमोकळे' असं लिहिलं आणि वही मिटली.

तेवढ्यात आईला हसता हसता ठसका लागला. तो थांबेना. ओठ काळेनिळे पडले. सलूनवाल्याने वस्तरा टाकला आणि तिला उचलून रिक्षाकडे धाव घेतली. अर्जदार तोंडाला फेस तसाच ठेवून स्कूटरमागे पळाला, "साहेब, हे लिहा! हे पण लिहा!" साहेब म्हणाले, "पाहणी पूर्ण झाली."

आई आज श्वास घेते आहे. तरी अर्जदार हात जोडून कबूल करतो, की ती सगळी उत्तरं चेष्टेची होती आणि गल्लीचा त्यात काही दोष नाही. हवी ती शिक्षा अर्जदाराला द्या, गाडी मात्र गल्लीला द्या.

आपल्या खिडकीसमोर, सर्वांदेखत, अर्ध्या मिशीने उभा असलेला
अर्जदार

दिनांक: तेवीस

सोबत:
१. आईच्या वाफेच्या औषधाची चिठ्ठी.
२. काल उतरवायची राहून गेलेली अर्धी मिशी, पुडीत. सलूनवाल्याने अर्ज देताना खिडकीसमोरच उतरवली. रांगेतलं कुणीही हसलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.