घाटाच्या पायथ्याशी साखळी

घर, ६ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन न करता पत्र का, तर फोन केला की हे शेजारीच असणार. दोघांच्या त्या लांबलचक सायकलवर पुढे तू आणि मागे हे, मधे वीतभर जागा. डोळे गेल्यापासून ह्यांना वाचता येत नाही, म्हणून कागद बरा. तुमच्या फेरीची सामानाची गाडी आज इथून निघतेय, चालकाच्या हाती देते. त्याला बजावलंय, तुझ्याच हातात द्यायचं.

तुमचं काम चांगलं आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. गावोगाव फिरून डोळे तपासणारी गाडी घ्यायला सायकलफेरी काढून निधी जमवताय. तशी गाडी आमच्या गल्लीत वेळेवर आली असती, तर ह्यांचा काचबिंदू आधीच कळला असता आणि घड्याळाचं दुकान आज उघडं असतं. पण दोन वर्षं मी ह्यांना साधा जिना एकट्याने उतरू दिला नाही, आणि तू निघालास घाट चढवायला. वर पुन्हा उतरायचाही आहेच. तुझ्या मागे सायकलवर बसून मी पुढचा दात घालवलाय, म्हणून बोलते.

तर एवढं कर. घाट आला की साखळी तुटल्याचं सांग आणि ह्यांना सामानाच्या गाडीत बसव. पलीकडे गेल्यावर बसू देत पुन्हा सायकलवर. ह्यांना कळू देऊ नकोस. मला ह्यांचं मन मोडायचं नाही, आणि हाडंही मोडायला नकोत. ते पडले तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहेच, या वेळी जरा ऐकूनही घे.
तुझी ताई

मुक्काम शाळेचा वर्ग, घाटापलीकडे, १० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडलो. सायकलवरून नव्हे, काळजी करू नकोस.

पायथ्याशी थांबलो, तू सांगितलंस तसं साखळी तुटल्याचं सांगितलं आणि गाडीला हात केला. घड्याळ्या उतरला, उकिडवा बसला आणि साखळीवरून बोटं फिरवली. (तुझा नवरा तो नंतर झाला, माझा शाळेतला दोस्त आधी, म्हणून मी त्याला हेच म्हणणार.) ज्याचा जन्म बारीक बारीक चक्रं बसवण्यात गेला, त्याला मी साखळी तुटली म्हणून सांगत होतो. अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. ग्रीस पुसत त्याने विचारलं, तुझ्या ताईचं पत्र कधी आलं. मी म्हटलं, कसलं पत्र. तर म्हणाला की दुपारी तो आडवा झाला की तू टेबलाशी बसतेस, पेन कुरकुरतं, आणि दोन-तीन दिवसांनी माझा फोन येऊन मी त्याला जिन्याबद्दल उपदेश करतो. दोन वर्षं तो हे ऐकतोय. आपल्याला वाटत होतं, आपण फार शहाणे.

मग त्याने मला तुझं पत्र मोठ्याने वाचायला लावलं. दात, हाडं, सगळं. सोबतची नर्स बाटल्या भरायचं नाटक करत ऐकत होती. मला वाटलं दाताशी तरी हसेल. हसला नाही. म्हणाला, चल, चढ सुरू करू.

आता खरं तेच सांगतो. निम्म्यावर माझा दम संपला. पाय नुसते पायडलवर टेकवून होतो, तरी सायकल वर जातच होती. इतके दिवस मीच त्याला ओढतोय म्हणून मिरवत होतो! उतारावर तो फक्त डावं की उजवं एवढं विचारायचा आणि माझ्याआधी कलायचा. खाली पोचेपर्यंत ओरडत होता, आनंदाने. दोन वर्षांत मी त्याचा हा आवाज ऐकला नव्हता.

त्यानंतर तुझं नाव काढलेलं नाही. मला भीती वाटतेय, ताई. आत्ता त्याने कागद आणि पट्टी मागून घेतलीय. सोबतचं पाकीट त्याचंच, मी उघडलेलं नाही.

राग कमी आणि लोभ जास्त असू दे.
तुझा भाऊ

१० जानेवारी

सौ. सरकार,
नमस्कार की आशीर्वाद, जे आवडेल ते घे.

पट्टी ठेवून लिहितोय. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील, सावकाश वाच.

मला राग आलाय. तुला भीती वाटते याचा नाही. माझ्याच घरात माझ्याबद्दल लिहितात, आणि मी सोडून कुणालाही ते वाचता येतं, याचा आलाय. डोळे गेले तेव्हा मी आंधळा झालो. पोर मला तू केलंस. दिवसरात्र राबलीस माझ्यासाठी, तेही विसरलेलो नाही, म्हणून हे लिहायला जड जातंय.

शेवटच्या दिवशी, फेरी संपते त्या मैदानावर ये. पण हात धरायला पुढे यायचं नाही. एका जागी उभी राहा आणि बोल. काहीही बोल, भाऊला शिव्या घाल. मी आवाजावर येईन. हे जमणार नसेल तर येऊ नकोस, मी काही दिवस भाऊकडे राहीन.

तुझ्यावर जीव आहे, म्हणूनच एवढं मागतो.
तुझाच

घर, १७ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे शेजारी बसलेत. प्रत्येक ओळ वाचून दाखवतेय आणि मगच पुढची लिहितेय, त्यामुळे या पत्राला वेळ लागणार. मैदानावर तू तंबूत पाय चोळून घेत पडला होतास, म्हणून तुला सांगते.

मी आले. यायचं की नाही, हा घोळ आदल्या दिवसापर्यंत होता. हे तुझ्याकडे राहीन म्हणाले, तेव्हा पायाखालची जमीनच सरकली होती. दोरीच्या अलीकडे उभी राहिले, हात पाठीमागे घेतले. सायकलवरून उतरल्यावर तुला तंबूत नेलं आणि हे एकटेच तिथे थांबले. मी तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. जन्मभर तोंडाचा पट्टा चालवला आणि नेमका तेव्हाच घसा दगा देऊन बसला. हे वाट बघत राहिले. मग चेहरा पडला ह्यांचा, आणि कर्ण्याच्या आवाजाकडे चालू लागले, चुकीच्या बाजूला, जमिनीवर पसरलेल्या त्याच्या सगळ्या तारांमधून. मी आलेच नाही असं ह्यांना वाटलं. तेवढ्यात पदकं वाटणारे गृहस्थ लगबगीने ह्यांचा दंड धरायला पुढे झाले.

आणि मी किंचाळले, "हात लावू नका त्यांना!"

ते गृहस्थ बिचारे जागीच थिजले. हे वळले. मग मी बोलतच सुटले, तुला काय काय म्हटलं ते हे मला लिहू देत नाहीयेत. तारेत पाय अडकून एकदा गुडघ्यावर आले. मी बोलणं थांबवलं नाही, हललेही नाही. उठले, पँट झटकली आणि सरळ माझ्यापाशी आले.

माझे हात शोधले. ते पाठीमागेच होते, बोटं एकमेकांत गच्च अडकवलेली. ती सोडवायला ह्यांना बराच वेळ लागला.

दोघांचाही लोभ तुझ्यावर आहे, पायाला शेक घे.
तुझी ताई