‘गद्दार’ हे घराचे नाव शेजाऱ्यास न देण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
श्रीमती यादरांका कारुझा (घर : किंकाळी),
ग्रामसभा कचेरी, ओत्रावा बेट, दाल्मेशिया.

विषय : अर्जदाराच्या घराकडे बावन्न वर्षे असलेले ‘गद्दार’ हे नाव श्री. प्रोश्पेर कारुझा (घर : कप्तान) यांना देण्यास तीव्र हरकत.

संदर्भ : १) आपल्या कचेरीने फळ्यावर लावलेली नोटीस, दि. ३ ऑक्टोबर.
२) ‘गद्दार’ हे नाव काढून टाकावे म्हणून अर्जदाराच्या घराने आजवर केलेले सात अर्ज. (सातही कृपया विचारात घेऊ नयेत.)

महोदया,

१. अर्जदार श्पिरो कारुझा, वय २९, काम बंदराच्या दिव्याची देखभाल, राहणार वरची आळी, खालील हकीकत आपल्यापुढे शांत डोक्याने मांडू इच्छितो. डोके शांत व्हावे म्हणून नोटीस लागल्यापासून दहा दिवस वाट पाहिली. ते झाले नाही. हरकतीची मुदत पंधरा दिवसांचीच असल्यामुळे आता आहे त्या डोक्याने लिहीत आहे.

२. आपल्या गावात चौतीस घरे, त्यांपैकी एकोणतीस कारुझा, हे आपणास ठाऊक आहेच. १९७१ साली दंतवैद्याने एका विच्को कारुझाची दाढ दुखत असताना दुसऱ्याची उपटली, तेव्हा ग्रामसभेने नाववही सुरू केली. प्रत्येक घराचे टोपणनाव त्या वहीत चढले. पत्रे त्याच नावाने येतात, थडग्यावरही तेच कोरले जाते. नियम दोन. एक नाव एकाच घराला. आणि जो दुसऱ्याचे नाव मागेल त्याने आपले नाव बदल्यात द्यावे, म्हणजे कोणतेही घर एक दिवसही बिननावाचे राहणार नाही. या दुसऱ्या नियमाने अर्जदाराचा घात केला आहे. तो कसा, ते पुढे येते.

३. वही सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच सरकारी दूरचित्रवाणीने ‘राखबंदराचा कप्तान’ ही दीडशे वर्षांपूर्वीची साहसकादंबरी आपल्या बेटावर चित्रित केली. गावातले प्रत्येक घर त्या मालिकेत काही ना काही झाले, आणि जुन्या नावावर काट मारून जे झाले तेच नाववहीत चढले. आपल्या मातोश्री तिसऱ्या भागात चाच्यांना पाहून किंचाळल्या. आपले घर ‘किंकाळी’. प्रोश्पेरचे आजोबा कै. बेपो कारुझा यांनी नायक कप्तान ओरेलचे पोहणे केले, कारण नायकाच्या नटाला पोहता येत नव्हते. पडद्यावर दिसली ती फक्त बेपोंची पाठ. तरी त्यांचे घर ‘कप्तान’. अर्जदाराच्या आजोबांना, म्हणजे विच्को यांना, उभ्याने वल्हे मारता येते म्हणून गास्पारचे काम मिळाले. गास्पार चाच्यांकडून लाच घेतो, बंदराचा दिवा टोपीने झाकतो, हसतो आणि कड्यावरून पडून मरतो. एकूण साडेचार मिनिटे. त्यांत दीड मिनिट नुसते हसणे आहे, कारण दिग्दर्शक ‘थांब’ म्हणायला विसरला आणि आजोबा शिस्तीचे.

४. तो भाग दाखवला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने दारातूनच हाक मारली, “ए गद्दार, तुझी पोगाचा निवतेय, घेऊन जा.” त्या पोगाचातले, म्हणजे भरल्या पावातले, खारवलेले मासे आजोबांच्या घशाखाली उतरले नाहीत, असे ते अजून सांगतात. पुढचे बावन्न वर्षांचे नुकसान थोडक्यात असे. अर्जदाराच्या वडिलांना गावच्या फुटबॉल संघाने कधी गोलरक्षक केले नाही. “ऐन वेळी बाजूला सरकायचास,” असे कारण दिले. आत्याबाईंना चर्चमध्ये मेणबत्त्या लावू दिल्या, विझवू दिल्या नाहीत. स्वतः अर्जदार बंदराच्या दिव्यावर नोकरीला लागला त्या दिवशी अख्खा धक्का अर्धा तास हसत होता. आजोबा मात्र त्या मालिकेनंतर चारचौघांत पुन्हा कधी हसले नाहीत. म्हणून वरील सात अर्ज. आपल्या कचेरीने ते सातही फेटाळले, त्याबद्दल अर्जदाराचे घर आज आपले मनापासून ऋणी आहे.

५. आता अर्जदाराला एक गोष्ट कबूल करणे भाग आहे, कारण ती पुराव्यात येते. दीड वर्षापूर्वी एका परदेशी वाहिनीने तीच कादंबरी नव्याने करायचे ठरवले आणि नट निवडणाऱ्या बाई आपल्या बेटावर आल्या. त्यांना एक निनावी पत्र मिळाले. त्यात प्रोश्पेर कारुझा यांच्या चेहऱ्यावर जन्मजात कपट आहे, त्यांचे डोळे एकमेकांपासून लपल्यासारखे दिसतात आणि गास्पारच्या कामाला असा माणूस सगळ्या किनाऱ्यावर सापडणार नाही, असा मजकूर होता. सोबत चौदा छायाचित्रे होती. ते पत्र अर्जदाराने लिहिले. हेतू स्वच्छ होता : गास्पार प्रोश्पेरने केला की ‘गद्दार’ हे नाव आपोआप त्याच्या दारावर जाईल, आणि पाच घोड्यांच्या इंजिनाच्या होडीवर कप्तानाची टोपी घालून फिरणारा हा मनुष्य जन्मभर पोगाचा त्या हाकेने घेईल. प्रोश्पेरला काम मिळाले. चित्रीकरण चालू असताना अर्जदाराने त्याला रोज कॉफी पाजली, आणि ते संपले त्या दिवशी ‘गद्दार’ लिहिलेली पितळी पाटी कागदात गुंडाळून भेट दिली. तो सुखाचा काळ सात महिने टिकला.

६. (हा परिच्छेद आजोबांच्या सांगण्यावरून वगळला आहे. त्यात प्रोश्पेरच्या पोहण्याविषयी मजकूर होता. त्याला पोहता येत नाही, एवढेच ठेवावे असे आजोबांचे मत पडले.)

७. नवी मालिका गावाने अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये एकत्र बसून पाहिली. पहिल्याच भागात गास्पारला बालपण होते. अर्जदाराने खटल्यासाठी म्हणून मूळ कादंबरी संपूर्ण वाचली आहे; तीत गास्पारला बालपण नाही, एक खेचर आहे, आणि लाच म्हणून दुसरे मिळते. नव्या मालिकेत मात्र त्याची आई विकली जाते. दुसऱ्या भागात कप्तान ओरेल हाच माणसे विकणारा निघाला. चौथ्या भागात गास्पार दिवा विझवतो तो कशासाठी, तर साखळदंडातल्या चाळीस माणसांचे गलबत ओरेलला सापडू नये म्हणून. विझवताना तो हसत नाही, रडतो. कड्यावरून पडत नाही, पायऱ्यांनी उतरतो. खाली दीपस्तंभाची तरुण रखवालदारीण उभी असते आणि दोघांचे लग्न होते. कादंबरीत हा रखवालदार साठ वर्षांचा असून त्याला दमा आहे.

सगळा हॉल रडला. बेकरीवाला तर अर्जदाराच्या खांद्यावर रडला, आणि नाक पुसून म्हणाला, “श्पिरो, आम्ही तुमच्या घरावर फार अन्याय केला रे.” बावन्न वर्षांनी हे शब्द ऐकून अर्जदार उत्तर देणार, तेवढ्यात तो उठून प्रोश्पेरचे हात हातात घ्यायला गेला. त्या गडबडीत एकट्या आजोबांचा आवाज आला. “टोपी उजव्या हातात हवी. डाव्यानं झाकलास तर दिवा नीट झाकला जात नाही, आणि तो तू विझवलास हे कुणाला कळणार?” लोकांनी त्यांना गप्प बसवले.

त्याच भागात, महोदया, आपल्या मातोश्रींची किंकाळी यायला हवी होती. तिथे व्हायोलिन वाजले. आपण कचेरीत याबद्दल अवाक्षर काढले नाही, हे आपल्या पदाला शोभून दिसले. पण त्यानंतर आपण दोन दिवस रजेवर होता, हे फळ्यावर लागलेच होते. अर्जदार यावर अधिक काही लिहीत नाही.

८. त्यानंतर बेटावर प्रवासी येऊ लागले. ते होडीतून उतरताच विचारतात, “गद्दार कुठे भेटेल?” पहिले तीन दिवस लोकांनी सवयीने त्यांना अर्जदाराच्या घरी पाठवले. आजोबा अंगणात पालक निवडत होते. प्रवाशांनी त्यांना पाहिले, “हा नव्हे,” असे म्हणाले आणि गेले. तेव्हापासून प्रोश्पेरने कप्तानाची टोपी उतरवली आहे. अर्जदाराने दिलेली पितळी पाटी त्याने होडीच्या नाळेवर ठोकली, वर ‘अस्सल’ हा शब्द रंगवला, आणि रोज सूर्यास्ताला तो प्रवासी घेऊन कड्याला फेरी मारतो. मागितल्यास रडून दाखवतो. अर्जदाराने धक्क्यावर जाब विचारला, तेव्हा चार माणसांसमक्ष म्हणाला, “अरे श्पिरो, तुम्हालाच नको होतं ना ते नाव? सात वेळा लिहून दिलंत. मी घेतो, तुमची सुटका. आणि बदल्यात कप्तान देतोय, फुकट पडलंय ते.” फुकट का पडले आहे, ते उघड आहे : आता कप्तान म्हणजे माणसे विकणारा. गेल्याच आठवड्यात बेकरीवाल्याच्या मुलीने अर्जदाराकडे संशयाने पाहत शिल्लक पैसे दोनदा मोजले. आपल्या नोटिशीवर अजून शिक्कासुद्धा वाळलेला नव्हता.

९. आजोबांचा जबाब अर्जदाराने उतरवून घेतला, तो त्यांच्याच शब्दांत देत आहे. “बेपो आणि मी सत्तेचाळीस वर्षं रोज दुपारी पत्ते खेळलो. पत्त्यांखेरीज तो माझ्याशी एकच शब्द बोलला, गद्दार. एक दिवस चुकला नाही. तापात होता तेव्हा खिडकीतून म्हणाला. शेवटच्या दिवशी मी उशाशी बसलो होतो, तेव्हाही तेच म्हणाला, आणि मी म्हटलं, बोल कप्तान. आता त्याचा नातू पाथरवटाला घेऊन कबरस्तानात गेलाय, आजाच्या दगडावरचं कप्तान छिनून काढायला. बेपो माझा वैरी होता. पण पाण्यात उडी त्यानं मारली होती, नोव्हेंबरात, तीनदा. ती पाठ कप्तानाचीच होती. आणि दिवा मी विझवला. लाज होती ती माझी होती, मी एकट्यानं वाहिली. आता तिला फळं लागली तर ती पोरानं तोडायची? मी मेलो तर माझ्या दगडावर काय लिहाल, कप्तान? वर गेल्यावर बेपो काय म्हणेल मला?”

१०. सबब अर्जदाराची प्रार्थना अशी. प्रोश्पेर कारुझा यांची मागणी फेटाळावी. ‘गद्दार’ हे नाव अर्जदाराच्या घराकडे कायम ठेवावे, व पूर्वीच्या सातही अर्जांवर ‘अर्जदार शुद्धीवर नव्हते’ असा शेरा मारावा. कै. बेपोंच्या दगडाला छिन्नी लावण्यास मनाई करावी. हा भाग आजोबांनी घालायला लावला असून अर्जदाराचा त्याला विरोध होता, आता नाही. होडीवरील पाटी जप्त करून अर्जदारास परत द्यावी, पावती जोडली आहे. प्रोश्पेरला नवे नाव हवेच असेल तर ‘व्हायोलिन’ हे नाव मोकळे आहे. त्या नावाने त्याला रोज हाक मारण्याचा पहिला मान आपल्या घराला मिळावा, असे अर्जदारास प्रामाणिकपणे वाटते.

११. हरकतीची मुदत येत्या शनिवारी, दि. १८ रोजी, दुपारी कचेरी बंद होताना संपते. तोवर निकाल न झाल्यास आजोबा आपला हक्क कागदाऐवजी कृतीने सिद्ध करणार आहेत. मालिकेत जो दिवा विझला, तो म्हणजे आपल्याच धक्क्याच्या टोकाचा हिरवा दिवा. खांब तोच आहे, उंचीही तीच. अर्जदार स्वतः त्या दिव्याला हात लावणार नाही, ते नोकरीच्या नियमात बसत नाही. आजोबा मात्र निवृत्त आहेत. शनिवारी सूर्यास्तानंतर, प्रोश्पेरची होडी कड्यापलीकडून परत फिरली की, ते उजव्या हाताने तो झाकतील आणि होडी बाहेरच्या खडकावर जाऊन बसेल. समुद्र शांत राहील, हवामानखात्याला विचारून ठेवले आहे. प्रवाशांसाठी त्या खडकावर घोंगड्या व प्रोशेक वाइनच्या दोन बाटल्या आधीच नेऊन ठेवल्या आहेत. त्यांना एका तासात आणले जाईल. प्रोश्पेरला सकाळी. अस्सल गद्दार कोण, याचा निर्णय त्यानंतर गावाने आपापल्या डोळ्यांनी करावा. धक्क्यावर सगळे असतील, कारण आजोबा बावन्न वर्षांनी चारचौघांत हसणार आहेत, आणि या वेळी त्यांना ‘थांब’ म्हणायला कोणीही नसेल. आपणही यावे. तिसऱ्या पायरीवर, जिथे आपल्या मातोश्री उभ्या होत्या, तिथे जागा राखून ठेवली आहे. होडी दिसेनाशी झाली की कोणीतरी किंचाळायला हवेच.

पायऱ्या चढून येणे आजोबांना जमत नाही, म्हणून हा अर्ज अर्जदार स्वतः आणून देत आहे, आणि पोच घेतल्याशिवाय जाणार नाही.

आपला नम्र, आणि जे आहे तेच राहू इच्छिणारा,

श्पिरो कारुझा
(घर : गद्दार)
ओत्रावा, दि. १३ ऑक्टोबर

सोबत जोडले आहे :
१. निनावी पत्राची प्रत, आता सहीसकट.
२. पितळी पाटीची पावती.
३. कादंबरीचे पान २११, खेचराखाली रेघ मारून.
४. आजोबांची मूळ टोपी : जोडलेली नाही. धुवून वाळत घातली आहे, शनिवारी लागेल.