तिसऱ्या ओळीवरचा विराम

२ जानेवारी, गुरुवार
नव्या वर्षाचे संकल्प तीन. पहाटे किनाऱ्यावर फिरणे. रोज शाळेतली एक कविता मोठ्याने म्हणणे. ललितला शाळेच्या अमृतमहोत्सवाला आणणे.
पहिला उद्यापासून. दुसऱ्याला यमुनाची हरकत आहे. म्हणाली, लग्न झाल्यापासून ऐकतेय, निदान नवीन तरी काही पाठ करा. तिसरा झाल्यातच जमा. ललित चुरी आज साऱ्या महाराष्ट्राचे 'आजोबा' असेल, रोज साडेसातला मालिकेत. पण आधी तो माझ्या बाकावरचा. समितीचा अध्यक्ष शैलेश चिकूवाडीवाला, त्याला मी शब्द देऊन बसलोय.
एकोणीस तारखेला ललित स्टेजवर माझ्या शेजारी बसेल, पूर्वीसारखा, आणि मी 'होडी' ही कविता म्हणेन. तिसऱ्या ओळीआधी मी एक भावपूर्ण विराम घेतो. अरसिक लोकांना वाटते विसरलो.
ललितला फोन केला. उचलला नाही. शूटिंग असणार.

४ जानेवारी
मालिकेतले आजोबा वारले. आजारपण नाही, काही नाही. काल चहा पीत होते, आज थेट फोटोला हार. यमुना रडली.
ललितला मेसेज केला: हारातला फोटो छान आलाय. टिका निळ्या झाल्या, म्हणजे वाचला. उत्तर नाही. भूमिकेतून बाहेर यायला वेळ लागतो मोठ्या नटांना.

६ जानेवारी
घात. कुणीतरी यूट्यूबवर व्हिडिओ टाकलाय. ललितचा फोटो, त्याला लाल बाण. 'आजोबांना मालिकेतून का काढलं? बहात्तरीतही अविवाहित! पुरुषांमध्ये रस?' आमच्या 'जुने सोबती' ग्रुपवर तो तीन जणांनी टाकला आणि बाकीचे दात काढून हसले.
संध्याकाळी शैलेश घरी. काका, आपल्याला लफडं नको, पालक विचारतात, पाहुणा बदलून टाकू. मी म्हटले, आठ दिवस दे, सिद्ध करतो. म्हणाला, काय सिद्ध करणार? मी म्हटले, चारित्र्य.
फिरायला जाणे या धामधुमीत जमणार नाही.

८ जानेवारी
ग्रुपवर निवेदन टाकले. शब्द तोलून वापरले. 'ललितला मी बालपणापासून ओळखतो. त्याने एकाही मुलीकडे मान वर करून पाहिले नाही. रोज संध्याकाळी तो सुरूच्या बनात फक्त माझ्यासोबत बसे.'
पाच मिनिटे सगळे गप्प. परिणाम झाला असे वाटले. मग चिंचणीच्या उमेशने लिहिले: म्हणजे बातमी खरी! आणि शैलेशचा फोन: काका, आधी ते डिलीट करा.
केले. पण काहीतरी वेगळेच बटण दाबले गेले. आता ते निवेदन सगळ्यांना दिसते, फक्त मला दिसत नाही.

१० जानेवारी
हिंमत हरायची नाही. तलासरीला दीपककडे गेलो. त्याचे यूट्यूब चॅनल आहे, बाजारातले भाव आणि अपघात दाखवतो. त्याने माईक लावला आणि विचारले, दादा, त्यांनी लग्न का नाही केलं?
मी म्हटले, कलेसाठी. पुरावाही दिला. माझे यमुनाशी लग्न ठरले त्याच आठवड्यात ललित नोकरी सोडून मुंबईला नाटकात गेला. लग्नालाही आला नाही. नुसती तार पाठवली, सुखी राहा. याला म्हणतात कलेची ओढ. बोलताना माझा आवाज जरा भरून आला. रात्री उघड्या खिडकीशी झोपल्याने घसा धरतो.
घरी येईपर्यंत व्हिडिओ लागलेला. 'आजोबांच्या जिवलगाचा खुलासा!' लाल बाण माझ्या फोटोला.
यमुनाने दोनदा पाहिला. वालाच्या भाजीत मीठ नव्हते.

१३ जानेवारी
नाक्यावर पानवाला मला पाहून गालात हसला. दुर्लक्ष केले.
अखेरचा उपाय: तुळशी. वर्गातली, आता उधव्याला असते. ललित तिला सोनचाफ्याची फुले देताना मी या डोळ्यांनी पाहिलेय. तिने कॅमेऱ्यासमोर तेवढे सांगितले की संपले. शिवाय एक खाजगी गोष्ट. माझ्या दप्तरातही तेव्हा सोनचाफा निघायचा. तो कोण ठेवी हे मला माहीत होते. संसारी माणूस म्हणून कधी बोललो नाही.
तुळशी ओट्यावर मिरच्या निवडत होती. ऐकून इतकी हसली की सूप कलंडले. अरे गोप्या, ती फुलं तुझ्याच दप्तरात घालायला द्यायचा तो मला! त्याला लाज वाटायची. मी कशाला तुला फुलं देऊ? मला तर तू अजिबात आवडायचा नाहीस, सारखा कविता म्हणायचास.
बायका लाजेपोटी उलटे बोलतात. या वयातही.
पण म्हणजे फुले ललितची. मैत्री असावी तर अशी! हा मुद्दा दीपकला सांगायला हवा.
यमुना म्हणाली, नका सांगू.

१६ जानेवारी
शैलेश आला, खाली बसलाही नाही. पाहुणे म्हणून निवृत्त बँक मॅनेजर येणार. माझी कविताही वेळेअभावी काढली. मी म्हटले, अरे, चार तर ओळी. म्हणाला, काका, समजून घ्या ना.
काय समजून घ्यायचे तेच कळत नाही. ललितला सात फोन केले. आता शूटिंगही नाही.

१९ जानेवारी, रविवार
कार्यक्रमाला गेलो नाही. गुडघा.
दुपारी टीव्हीवर ललितची मुलाखत. केस रंगवणे सोडलेय. शांत होता. म्हणाला, लोक विचारतात ते खरं आहे, मी तसाच आहे. लपवून बरीच वर्षं कामं मिळवली, आता कामं गेली तर जाऊ देत. मग म्हणाला, आमच्या डहाणूला एक मुलगा होता. कविता म्हणायचा. फार वाईट म्हणायचा. तिसऱ्या ओळीला हमखास अडकायचा आणि मी शेजारून हळूच सांगायचो. माझं रंगभूमीवरचं पहिलं काम ते. त्याला कधी कळलंच नाही.
कोण असेल? सगळी बाके डोळ्यांपुढे आणली. मी तर नव्हेच. मी वाईट म्हणत नसे, आणि अडकत तर मुळीच नसे.
यमुनाने टीव्ही बंद केला. म्हणाली, अहो, जन्मभर रेल्वेत लोकांची पार्सलं पोचवलीत. तुमच्या नावाचं आलेलं एक तेवढं सोडवलं नाहीत.
मग तिने दोन कप चहा टाकला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. बराच वेळ.

२० जानेवारी, सोमवार
पहाटे किनाऱ्यावर गेलो. गुडघा बरा आहे. ओहोटी होती. ललितला मेसेज केला: तो मुलगा कोण रे?
बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिले. थांबले. पुन्हा दिसले. मग आले: तिसरी ओळ आठवली का?
विचारावे एक, उत्तर भलतेच. लहानपणापासूनची खोड. न आठवायला काय झाले? आत्ता लिहून पाठवतो.

लाट आली, लाट गेली, ओली राहिली वाळू,
होडी माझी दूर निघाली, हाक नको ना घालू,

इथे भावपूर्ण विराम.